दोन रुपयांचा समभाग घ्यावा काय?

शेअरबाजाराविषयी मराठी घरांत जे वाद आज वारंवार झडतात, त्यांत अत्यल्प भावाच्या समभागाचा, म्हणजे बाजारात ज्याला सरसकट ‘पेनी स्टॉक’ म्हणतात त्याचा, वाद सर्वांत अधिक आवेशाने लढला जातो. कारण त्यात एका पक्षाकडे हजार रुपयांत पाचशे समभाग पदरी पडण्याचा आनंद आणि कोणा एका कंपनीने चार वर्षांत चाळीसपट भाव दिल्याचे डोळ्यांपुढचे उदाहरण असते, तर दुसऱ्या पक्षाकडे बुडालेल्या पैशांच्या आठवणीखेरीज बहुधा दुसरे काहीच नसते. पुतण्या विचारतो, “काका, दोन रुपयांचा शेअर पडून पडून असा किती पडणार?” आणि काकांजवळ नकार असला तरी त्या नकाराची मीमांसा नसल्यामुळे त्यांना वडीलकीच्या अधिकाराचा आश्रय घ्यावा लागतो. वडीलकीच्या अधिकाराने या विषयाचा निकाल लागत नाही. प्रश्न गंभीर आहे, त्याला इतिहास आहे, कायदा आहे, अंकगणित आहे, आणि आता मोबाइलवरून दहा मिनिटांत डीमॅट खाते उघडण्याची सोय झाल्यापासून तो तालुक्याच्या गावापर्यंत जाऊन पोचला आहे. म्हणून त्याच्या सर्व बाजू एकदा सावकाशीने तपासणे अगत्याचे वाटते.

प्रथम व्याख्येविषयी थोडे. अमेरिकेत १९९० साली या समभागांसाठी स्वतंत्र कायदा झाला, साधारणतः पाच डॉलरांखालचा समभाग या वर्गात धरण्याची रीत तेथे रूढ झाली, आणि असा समभाग गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालण्यापूर्वी त्यातील धोक्याची लेखी समज देण्याचे बंधन दलालावर आले. आपल्याकडे कायद्याने अशी व्याख्या केलेली नाही. दहा रुपयांखालचा, कोणी म्हणतो वीस रुपयांखालचा, समभाग म्हणजे पेनी स्टॉक, असा बाजाराचा प्रघात आहे एवढेच. परंतु भावाच्या आकड्यावरून केलेली कोणतीही व्याख्या मुळातच दिशाभूल करणारी आहे, आणि प्रस्तुत लेखाचे प्रमुख प्रतिपादन हेच आहे की, समभागाचा भाव दोन रुपये असणे ही त्या समभागाविषयीची सर्वांत कमी महत्त्वाची माहिती होय. कंपनीचे एकूण समभाग किती, समभागधारकाच्या पुढे धनकोंची रांग केवढी, आणि विकावयाचे मनात आले असता घेणारा कोणी मिळेल की नाही, या तीन गोष्टींवर सर्व काही अवलंबून असते. आणि नवख्या खरीददाराला नेमक्या याच तीन गोष्टी ठाऊक नसतात.

भावाचा आकडा किती फसवा असू शकतो याचा अलीकडचा विलक्षण दाखला मुंबईचाच आहे. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या गुंतवणूक कंपनीचे एकूण समभाग अवघे दोन लाख, आणि तिच्या मालकीत एशियन पेंट्सचा कित्येक हजार कोटी रुपयांचा भांडवली हिस्सा. तरीही बाजाराच्या नोंदीत तिच्या समभागाचा भाव साडेतीन रुपयांच्या आसपास वर्षानुवर्षे पडून होता. त्या भावाने हिशेब केला तर सगळी कंपनी सात लाख रुपयांत विकत मिळावयास हवी होती. मिळत मात्र नव्हती, कारण त्या भावाला एकही शहाणा धारक आपला समभाग सोडावयास तयार नव्हता. पुढे सेबी या बाजारनियामकाने अशा धारक कंपन्यांसाठी भावमर्यादा काढून खास लिलावाची तजवीज केली, आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच समभागाचा भाव एका दिवसात २ लाख ३६ हजार २५० रुपये झाला. वर्तमानपत्रांनी हे ‘एका रात्रीत कुबेर’ या थाटात छापले, आणि त्या बातमीने अनेकांची साडेतीन रुपयांच्या समभागांवरची श्रद्धा दृढ झाली. वस्तुतः त्या घटनेचा बोध नेमका उलटा आहे. साडेतीन रुपये हा भाव कधीच खरा नव्हता, त्या भावाला खरेदी जवळजवळ अशक्य होती, आणि जो समभाग साडेतीन रुपयांना हवा तितका, हवा तेव्हा मिळतो, तो या जातीचा नव्हे, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

आता ज्या कंपनीचे नाव या वादात पेनी स्टॉकचे समर्थक सर्वांत आधी घेतात, त्या पुण्याच्या सुझलॉन एनर्जीकडे वळू. आणि तिच्यापाशी थोडे अधिक थांबू, कारण दोन्ही पक्षांचे सर्व युक्तिवाद या एका कंपनीच्या वीस वर्षांच्या चरित्रात एकत्र सापडतात. तुलसी तांती यांनी १९९५ साली स्थापन केलेल्या या पवनचक्की कंपनीने २००५ साली ५१० रुपये दराने समभाग जनतेला विकले, तेव्हा मागणीचा पूर लोटला होता. २००८च्या जानेवारीत दहा रुपयांच्या दर्शनी किमतीच्या एका समभागाचे दोन रुपयांचे पाच समभाग झाले आणि त्या नव्या समभागाचा भावही साडेचारशेच्या घरात जाऊन पोचला. त्यानंतर परदेशातील मोठ्या कंपन्यांच्या खरेदीसाठी काढलेले कर्ज, अमेरिकेत पात्यांना गेलेले तडे, जगभरची मंदी, आणि २०१२ साली परकीय चलनातील परिवर्तनीय रोख्यांची मुदतीत परतफेड न होणे, अशी संकटांची मालिका सुरू झाली. आणि २०१२च्या प्रारंभी वीस-पंचवीस रुपयांवर आलेला भाव पाहून हजारो लोकांनी ‘आता याहून काय पडणार’ असे म्हणत तो समभाग विकत घेतला. २०२०च्या मार्चमध्ये तो दोन रुपयांच्या आसपास होता. पडून पडून किती पडणार, या प्रश्नाचे उत्तर येथे अंकांत लिहिलेले आहे: पंचवीसाचे दोन झाले, म्हणजे शंभरातले ब्याण्णव गेले. दोन रुपयांचा समभाग एका रुपयावर येतो तेव्हा, दोन हजारांचा समभाग एक हजारावर येण्याइतकेच नुकसान होते. नुकसानीचे मोजमाप टक्क्यांत होत असल्यामुळे आकड्याच्या लहानपणाचा धारकाला काडीइतकाही आधार नसतो.

परंतु कथा येथे संपत नाही, आणि न्यायबुद्धीने पाहणाऱ्याने ती येथे संपवूही नये. कर्जाची पुनर्रचना झाली; ऑक्टोबर २०२२ मध्ये पाच रुपये दराने हक्कभाग विकून १२०० कोटी रुपये उभे करण्याचे ठरले, आणि ती विक्री सुरू होण्याच्या काही दिवस आधीच तांती यांचे आकस्मिक निधन झाले; तरीही विक्री पार पडली, पुढील वर्षी मोठ्या संस्थांकडून आणखी २००० कोटी आले, कर्जाचे ओझे उतरले, मागण्या वाढल्या, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भाव ८६ रुपयांपर्यंत चढला. ज्याने २०२०च्या अंधारात दोन रुपयांना समभाग घेऊन साडेचार वर्षे हात लावला नाही, त्याला चाळीसपटींहून अधिक लाभ झाला. हा लाभ खरा आहे, आणि तो घेणाऱ्याच्या धैर्याविषयी मला आदरच वाटतो.

तथापि याच वेळी २००५च्या मूळ खरीददाराचे काय झाले, हे कोणी सहसा विचारीत नाही. त्याने ५१० रुपये दिले, त्याचे पुढे पाच समभाग झाले, म्हणजे प्रत्येकी खर्च १०२ रुपये पडला. आणि एकोणीस वर्षांनी, कंपनीचा सर्वत्र जयजयकार चालू असताना, तो अजून सोळा रुपयांनी तोट्यातच होता. याचे कारण समभागांच्या संख्येत आहे. २००८ साली कंपनीचे सुमारे दीडशे कोटी समभाग होते, तेव्हा साडेचारशेच्या भावाने सगळ्या कंपनीचे बाजारमूल्य पासष्ट-सत्तर हजार कोटींच्या दरम्यान येत होते. २०२४ साली समभागांची संख्या साडेतेराशे कोटींच्या वर गेली होती, त्यामुळे ८६ रुपयांच्या भावालाही बाजारमूल्य एक लाख कोटींच्या पुढे गेले. म्हणजे कंपनी आपल्या जुन्या शिखराच्या वर जाऊन बसली आणि त्या शिखरावर समभाग घेतलेला मनुष्य मात्र ऐंशी टक्के तोट्यात राहिला, कारण मधल्या काळात समभागांची संख्या नऊपट झाली होती. संकटातील कंपनी वाचते ती बहुधा अशाच मार्गाने, जुन्या धारकाचा हिस्सा पातळ करून. ‘कंपनी परत उठेल’ हे भाकीत खरे ठरूनही ते भाकीत करणाऱ्याच्या हाती काही न लागण्याचा संभव केवढा मोठा असतो, हे ज्याला उमगले त्याने या विषयाचा अर्धा अभ्यास केला म्हणावयास हरकत नाही.

उरलेला अर्धा भाग रांगेविषयीचा आहे. २०१६च्या दिवाळखोरी संहितेने कंपनी मोडताना पैसे कोणत्या क्रमाने वाटावयाचे हे ठरवून दिले आहे: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची थकबाकी आणि तारण घेतलेले सावकार, मग इतर नोकर, विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी, बाकीचे धनको, अग्रहक्काचे समभागधारक, आणि सर्वांच्या शेवटी सामान्य समभागधारक. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याची जी अवस्था, तीच याची. वरची सगळी वावरे भिजल्यावर पाटात पाणी उरले तर त्याचे, न उरले तर तक्रार करावयास जागा नाही. दिवाण हाउसिंग फायनान्स या मुंबईच्या गृहकर्ज कंपनीत हेच घडले. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिचे संचालक मंडळ बरखास्त केले, सावकारांचे दावे सत्त्याऐंशी हजार कोटींच्या वर निघाले, आणि पिरामल समूहाची मान्य झालेली योजना चौतीस हजार कोटींच्या आसपासची होती. सावकारांनाच जेथे रुपयात चाळीस पैसे मिळत होते तेथे समभागधारकासाठी काही उरणे शक्यच नव्हते, आणि हे आकडे वर्तमानपत्रांत रोज छापून येत होते. तरीही जून २०२१ मध्ये न्यायाधिकरणाची मंजुरी येताच त्या समभागाला ‘अपर सर्किट’ लागले, म्हणजे भाव दिवसाच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकला, आणि तो वीस रुपयांच्या वर गेला, कारण ‘मोठा समूह कंपनी घेतोय’ एवढेच वाक्य लोकांनी ऐकले होते. काही दिवसांत व्यवहार बंद झाले आणि समभागाचे मूल्य शून्य ठरवून तो बाजाराच्या यादीतून काढून टाकण्यात आला. त्या शेवटच्या आठवड्यात ज्यांनी तो घेतला त्यांत लहान बचतवाले पुष्कळ असणार, या विचाराने मन अजून अस्वस्थ होते.

रुची सोयाचे उदाहरण याच्या उलट दिशेने सांगितले जाते. पतंजलीने ती कंपनी घेतल्यावर जानेवारी २०२० मध्ये समभाग सतरा रुपयांच्या आसपास पुन्हा बाजारात आला आणि जूनअखेर पंधराशेच्या वर गेला. परंतु जुन्या धारकांच्या शंभर समभागांचा तत्पूर्वीच एक करण्यात आला होता, आणि जनतेच्या हाती एकूण भांडवलाचा जेमतेम एक टक्का शिल्लक होता. विकणारेच नव्हते, म्हणून भाव वर वर सरकत राहिला. हा भाव सतराचा पंधराशे झाला खरा, पण बाहेरच्या सामान्य माणसाला सतराच्या भावाने समभाग मिळण्याचा योग कितीसा होता?

येथवर ज्या कंपन्यांचा विचार केला त्या सर्व खऱ्या होत्या. त्यांना कारखाने, कचेऱ्या, कर्जे, ग्राहक किंवा निदान खरी मालमत्ता होती. पेनी स्टॉकांच्या वस्तीत अशा कंपन्या अल्पसंख्य आहेत. बहुसंख्य कंपन्या नावापुरत्या, आणि त्यांची वंशावळ १९९२ नंतरच्या काळात सापडते. भांडवल उभारणीवर १९४७च्या कायद्याने असलेले सरकारी नियंत्रण त्या वर्षी उठले, समभाग किती किमतीला विकावा हे ठरविण्याची मुभा प्रवर्तकांना मिळाली, आणि पुढच्या चार वर्षांत सागवानाची लागवड, कोळंबीची तळी, ग्रॅनाइट, फुलशेती आणि लीजिंग यांच्या नावाने शेकडो कंपन्यांनी लोकांकडून पैसे गोळा केले. यांतील कित्येक कंपन्या पत्त्यावर सापडेनाशा झाल्या. सरकारला ‘गायब कंपन्यां’ची यादी करावी लागली आणि तीत दोनशेहून अधिक नावे निघाली. ज्या गायब झाल्या नाहीत, त्यांचे सांगाडे बाजाराच्या यादीत राहिले; सॉफ्टवेअरची हवा आली तेव्हा त्यांनी नावापुढे ‘इन्फोटेक’ जोडले, आणि हा प्रकार इतका वाढला की, नव्या नावाला साजेशा धंद्यातून निम्मे उत्पन्न आल्याखेरीज नाव बदलू नये, असा दंडक सेबीला घालावा लागला.

या सांगाड्यांचा एक उपयोग असा झाला की तो सामान्य खरीददाराच्या स्वप्नातही येणार नाही. १ ऑक्टोबर २००४ पासून ३१ मार्च २०१८ पर्यंत, बाजारात विकलेल्या समभागावरील एक वर्षानंतरच्या नफ्याला प्राप्तिकर माफ होता. ज्याच्यापाशी बेहिशेबी रोकड आहे त्याने सांगाडा कंपनीचे समभाग प्रवर्तकाकडून कवडीमोलाने घ्यावयाचे, वर्षभर थांबावयाचे, तेवढ्या अवधीत दलालांच्या टोळीने आपापसांत थोडे थोडे सौदे करून भाव रोज सर्किटपर्यंत चढवीत न्यावयाचा, आणि शेवटी ज्या बनावट कंपनीने ते समभाग प्रचंड भावाने विकत घेतले तिला पैसे त्याच माणसाच्या रोकडीतून पुरवावयाचे. मग काळा पैसा करमुक्त नफा होऊन चेकने घरी येई. प्राप्तिकर खात्याने अशी अगणित प्रकरणे उघडकीस आणली, यातील ‘एंट्री’, म्हणजे अशा बनावट नोंदी, देणाऱ्यांचे मोठे केंद्र कोलकात्यात होते, आणि तेथील उच्च न्यायालयाने २०२२ साली, परिस्थितीची साखळी पुरेशी बोलकी असेल तर एवढ्यावरूनही असा नफा बनावट ठरविता येतो, असा निर्णय दिला. या प्रकरणांतून आपल्या प्रश्नापुरते घेण्यासारखे एवढेच की, त्या दशकातील कित्येक पेनी स्टॉकांचा जो सुरेख चढता आलेख लोक मोहित होऊन पाहत होते, तो मुळी त्यांच्यासाठी काढलेलाच नव्हता. दोघांच्या खासगी हिशेबाच्या वहीत तिसरा आपले पैसे लिहावयास गेला तर त्याचे काय व्हावयाचे?

बाहेरच्या माणसासाठी मुद्दाम रचलेला सापळा तो वेगळा, आणि त्याचे स्वरूप सेबीच्या मार्च २०२३च्या साधना ब्रॉडकास्टविषयीच्या अंतरिम हुकुमात तपशिलाने वाचावयास मिळते. कंपनी एका बलाढ्य उद्योगसमूहाकडे जाणार अशा अर्थाच्या खोट्या चित्रफिती यूट्यूबवर पसरविण्यात आल्या, त्यांचा प्रसार व्हावा म्हणून जाहिरातीवर पैसे खर्च झाले, भाव आणि सौद्यांची संख्या दोन्ही उसळली, आणि आतल्या मोठ्या धारकांनी त्या उसळीत आपले समभाग विकले. याच अवधीत कंपनीच्या लहान समभागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ झाली. मुंबईला हा प्रकार नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव वाढले तेव्हा, १८६१ ते १८६५ या काळात, याच शहरात बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजार रुपये भरलेल्या समभागाचा भाव दहापटीपर्यंत चढला होता, सटोडिये प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँका कर्ज देत होत्या, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरली तेव्हा अर्धे शहर नादार झाले. दिनशा वाच्छा यांनी १९१० साली त्या काळावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्या काळी सट्टा पाच हजारांच्या समभागावर चाले, आज दोन रुपयांच्या समभागावर चालतो. म्हणून त्या वेळी बुडाले ते पेढीवाले, आणि आज बुडतात ते महिन्याला दोन हजार रुपये बाजूला टाकणारे लोक. हा फरक मला सर्वांत दुःखद वाटतो.

आता बाहेर पडण्याच्या वाटेविषयी. खरेदी करतेवेळी हा विचार जवळजवळ कोणीच करीत नाही. अशा समभागाच्या दैनिक चढउतारावर बहुधा पाच टक्क्यांची, कधी दोन टक्क्यांची मर्यादा असते. तिलाच ‘सर्किट’ म्हणतात. बातमी वाईट आली की भाव पाच टक्के उतरून तेथे अडकतो. अशा दिवशी मोबाइलवर सौद्यांचा तक्ता उघडून पाहावा: उजव्या बाजूस एकाच भावापुढे विक्रीस लागलेले लक्षावधी समभाग, आणि डाव्या बाजूस, जेथे घेणाऱ्यांचे भाव यावयाचे, तेथे पाचही ओळींत शून्य. आपली विक्रीची ऑर्डर त्या लक्षावधींच्या मागे जाऊन उभी राहते, साडेतीन वाजता रद्द होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी पाच टक्के खालच्या भावाला पुन्हा घालावी लागते. असा क्रम चालू राहिला तर चौदाव्या दिवसाअखेर भाव निम्म्याच्या खाली जातो आणि तेवढ्या अवधीत आपला एक समभागही विकला जात नाही. ‘दोन रुपयांचे दीड झाले की विकून मोकळा होईन’ असा निश्चय करून आत गेलेल्या माणसाला हा अनुभव अगदी अनपेक्षित असतो. त्यात भर अशी की, डीमॅट खात्यातून समभाग बाहेर जाताना दर वेळी ठरावीक आकार द्यावा लागतो. पाचशे रुपयांच्या विक्रीतून पंधरा-वीस रुपये गेले म्हणजे तीन-चार टक्के तेथेच सरले.

नियामकाने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘टी’ गटातील समभागांत घेतलेला माल ताब्यात घ्यावाच लागतो, त्याच दिवशी विकता येत नाही. यादीचे नियम न पाळणाऱ्या कंपन्या ‘झेड’ गटात जातात. २०१७ पासून श्रेणीबद्ध देखरेख सुरू झाली असून तिच्या वरच्या टप्प्यांत खरीददाराकडून जादा अनामत घेतली जाते आणि सौदे आठवड्यातून एकदाच होतात. २०२३ पासून अगदी लहान कंपन्यांसाठी आणखी एक देखरेख आली आहे. परंतु यातील प्रत्येक उपाय दुधारी आहे. देखरेखीचा टप्पा वाढला की नवे घेणारे थांबतात, आणि जो आत आहे तो अधिकच घट्ट अडकतो. ७ ऑगस्ट २०१७ रोजी सेबीने ३३१ संशयित कंपन्यांचे सौदे एका फटक्यात आवळले, तेव्हा त्यांत मुंबईच्या मेट्रोचे काम करणाऱ्या जे. कुमार इन्फ्राप्रोजेक्ट्ससारखी चालती कंपनीही सापडली. तिला अपील न्यायाधिकरणाने लगेच दिलासा दिला, पण मधल्या दिवसांत तिच्या धारकांनी जे सोसले ते सोसलेच.

समर्थकांचा एक युक्तिवाद अजून उरतो, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. ते म्हणतात, आम्हाला हे सर्व मान्य आहे. शंभरांतले नव्वद बुडतील, पण उरलेल्यांतला एक सगळ्यांची भरपाई करील. हेंड्रिक बेसेम्बाइंडर या अर्थशास्त्रज्ञाने १९२६ पासूनच्या अमेरिकी समभागांचा जो प्रचंड अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला, त्यात बाजाराची सारी निव्वळ संपत्ती सुमारे चार टक्के कंपन्यांनी निर्माण केल्याचे आढळले, हे खरे आहे. पण त्याच अभ्यासात सातांपैकी चार समभागांनी आपल्या संपूर्ण आयुष्यात सरकारी अल्पमुदत रोख्यांइतकाही परतावा दिला नाही, हेही आढळले. म्हणजे त्या चार टक्क्यांचा लाभ घ्यावयाचा तर सगळा बाजार घ्यावा लागतो, आणि ती सोय आज निर्देशांकाच्या फंडात अत्यल्प खर्चात मिळते. निवडून निवडून दोन-दोन रुपयांचे दहा समभाग घेणारा मनुष्य ते चार टक्के आपल्या झोळीत असतीलच असे कशाच्या बळावर म्हणतो? अलोक कुमार यांच्या २००९च्या संशोधनात, कमी भावाचे आणि बेफाम हालचालीचे समभाग व्यक्तिगत गुंतवणूकदारांना सोडतीच्या तिकिटासारखे आकर्षून घेतात, असे दिसून आले. आणि मला वाटते, हे आकर्षण मान्य करून बोलणे अधिक बरे. ज्याला सोडतीचेच तिकीट घ्यावयाचे आहे त्याने ते तेवढ्याच रकमेचे घ्यावे. अडचण तेथे नसते, ती पहिला लाभ झाल्यावर घरभाड्याची अनामत किंवा मुलीच्या शिक्षणाची ठेव त्याच वाटेने जाते तेव्हा सुरू होते.

तेव्हा घ्यावा की न घ्यावा? प्रस्तुत लेखकाचे मत असे की, टिप म्हणून कानावर आलेला दोन रुपयांचा समभाग घेऊच नये, मग सांगणारा कितीही विश्वासू असो; कारण टिप आपल्यापर्यंत पोचते तेव्हा विकणारा आधीच तयार बसलेला असतो. याला अपवाद एकच दिसतो: कंपनीला खरा धंदा असावा, कर्ज उतरत असल्याचे तिमाही हिशेबांत सलगपणे दिसत असावे, आणि नव्या समभागांचा लोंढा बहुतांशी येऊन गेलेला असावा. सुझलॉनमध्ये ही अवस्था २०२२ नंतर हळूहळू आली, आणि तेव्हा पाच-सात रुपये देऊन घेणाऱ्यालाही दहापटींहून अधिक मिळाले. दोन रुपयांचा तळ गाठण्याची कोणालाही गरज नव्हती. अशा कंपनीचा दर तिमाहीचा समभागधारणेचा तक्ता बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट उपलब्ध असतो, आणि तो पाहावयास पाच मिनिटे लागतात: प्रवर्तकांचा हिस्सा किती, त्यातला गहाण किती, मागील तिमाहीपेक्षा तो घटला काय, आणि लहान धारकांची संख्या अचानक फुगली काय. प्रवर्तक उतरत आहेत आणि लहान धारक चढत आहेत असे दोन आकडे शेजारी दिसले, तर पुढचा एकही कागद उघडण्याचे कारण नाही.

आणि नियामकाकडे एक मागणी करावीशी वाटते. दिवाळखोरीच्या प्रक्रियेतील कंपनीचे सौदे चालू ठेवावयाचे असतील तर ठेवावेत, त्यालाही कारणे आहेत. परंतु खरेदीचे बटण दाबण्यापूर्वी, सावकारांचे दावे किती कोटींचे, आलेली सर्वोच्च बोली किती कोटींची, आणि त्या बोलीत समभागधारकाच्या वाट्याला किती, एवढ्या तीन ओळी खरीददाराच्या भाषेत त्याच्यापुढे आल्याच पाहिजेत, आणि त्या वाचल्याची नोंद झाल्याखेरीज सौदा पुढे जाता कामा नये. हे आकडे सावकारांच्या समितीपाशी असतात, बाजारापाशी असावेत, आणि दलालांच्या संगणकांना ते पोचवावयास आज तांत्रिक अडचण कोणतीच नाही.